मुलांची मूत्रपिंडे आणि शेतकऱ्याचे घर

रब्बी ज्वारी करणाऱ्या शेतकऱ्यास एक गोष्ट शिकवावी लागत नाही. पीक पोटरीत असताना पाण्याचा ताण पडला, तर कणसात दाण्यांची संख्याच कमी धरते. पुढे दाणे भरण्याच्या वेळी कितीही पाणी दिले, तरी धरलेले दाणे थोडेफार टपोरे होतात इतकेच; नवा दाणा धरत नाही. म्हणूनच विहिरीत पाणी बेताचे असेल तेव्हा पाण्याची पाळी कोणत्या वेळी द्यावी, याचा आपण बारकाईने विचार करतो. मनुष्याच्या शरीरातील एका महत्त्वाच्या अवयवाची वाढ बऱ्याच अंशी याच रीतीने होते, हे मात्र अजून आपल्या गावागावांत पोहोचलेले नाही. तो अवयव म्हणजे मूत्रपिंड.

बियाणे, खते, कीड व रोग यांची माहिती देणाऱ्या पत्रिकेत मूत्रपिंडाचा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, मुलाच्या मूत्रपिंडाची घडण त्याच्या आईच्या ताटावर अवलंबून असते आणि ते ताट शेतकऱ्याच्या घरात पीक घेण्यापूर्वीच्या निर्णयांनी ठरते. कोणते पीक घ्यावयाचे, त्यातील किती विकावयाचे, दूध किती ठेवावयाचे, गर्भारपणी स्त्रीने शेतात किती राबावयाचे, हे निर्णय दवाखान्यात होत नाहीत. ते आपल्या बांधावर होतात. म्हणून हा विषय आपलाही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूत्रपिंडाची घडण कशी होते

मूत्रपिंड म्हणजे लाखो सूक्ष्म गाळण्यांचा समूह होय. वैद्यकात या गाळणीस नेफ्रॉन म्हणतात. प्रौढ मनुष्याची दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात, त्यातील उपयुक्त भाग परत घेतात आणि मळ तेवढा लघवीवाटे बाहेर टाकतात. एका मूत्रपिंडात सरासरीने नऊ ते दहा लाख गाळण्या असतात. परंतु ही संख्या सर्वांची सारखी नसते. कोणाच्या वाट्यास दोन-अडीच लाख येतात, तर कोणाच्या वीस लाखांहून अधिक.

या गाळण्या गर्भावस्थेच्या नवव्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊ लागतात आणि छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास ते काम संपते. एकूण गाळण्यांपैकी सुमारे ६० टक्के गाळण्या गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत घडतात. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या मुलाच्या शरीरात त्यानंतर एकही नवी गाळणी तयार होत नाही. आईच्या पोटात जितक्या मिळाल्या तितक्यांवर जन्मभर भागवावे लागते.

आईचे पोषण अपुरे राहून मूल कमी वजनाचे जन्मले, तर गाळण्यांची संख्याही कमी राहते. अमेरिकेत शवविच्छेदनाच्या आधारे झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जन्माच्या वेळच्या वजनात एक किलोचा फरक असेल तर प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे अडीच लाख गाळण्यांचा फरक पडतो, असे आढळले. अडीच किलोहून कमी वजनाचे मूल आपल्या खेड्यांत नवलाचे नाही. असे मूल हसते, खेळते, शाळेत जाते. त्याची उणीव वरून कोणास दिसत नाही.

गाळण्या कमी असल्या म्हणजे काय बिघडते? बॅरी ब्रेनर या शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये याचा उलगडा मांडला. काम तेवढेच राहते, करणाऱ्या गाळण्या मात्र थोड्या. त्यामुळे प्रत्येक गाळणीस अधिक रक्त गाळावे लागते व ती आकाराने फुगते. ज्वारीचा मोठा झालेला दाणा काही अपाय करीत नाही. परंतु फुगलेली गाळणी ही चार बैलांचे ओझे एकट्याने ओढणाऱ्या बैलासारखी असते. काही वर्षे ती ओढते, नंतर झिजते आणि निकामी होते. मग उरलेल्यांवरील ओझे आणखी वाढते. रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात आणि पुढे मूत्रपिंडाचा जीर्ण विकार जडतो. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये घेण्यात आला, तेव्हा कमी वजनाने जन्मलेल्यांत या विकाराचा संभव सुमारे ७० टक्क्यांनी अधिक आढळला. कमी वजनाच्या प्रत्येक मुलास हा रोग होतोच, असा याचा अर्थ नव्हे. परंतु कमी गाळण्यांवर पुढे मधुमेह, रक्तदाब वा उन्हातील अतिश्रम यांची भर पडली, तर ते मूत्रपिंड इतरांच्या आधी थकते.

जन्मानंतरची पहिली वर्षे

गाळण्यांची संख्या जन्मापूर्वी ठरत असली, तरी मूत्रपिंडाची वाढ जन्मानंतरही चालू राहते. नवजात बालकाचे मूत्रपिंड सुमारे साडेचार ते पाच सेंटिमीटर लांबीचे असते. प्रौढपणी ते दहा-अकरा सेंटिमीटर होते. पहिल्या दोन वर्षांत त्याची गाळण्याची शक्ती झपाट्याने वाढून, शरीराच्या आकारमानाच्या हिशेबाने, प्रौढाच्या बरोबरीस येते. या काळात मुलाची उपासमार झाली म्हणजे त्याचे मूत्रपिंडही शरीराबरोबर खुरटते. कुपोषित मुलांच्या सोनोग्राफी तपासण्यांत त्यांची मूत्रपिंडे वयाच्या मानाने लहान आढळून आली आहेत.

कुपोषण तीव्र असेल तर मूत्रपिंडाच्या कामातही बिघाड होतो. १९६० नंतरच्या दशकात जमैका बेटावरील संशोधकांनी अशा मुलांची तपासणी केली. त्यांच्या मूत्रपिंडांतून वाहणारे रक्त व गाळण्याची शक्ती ही दोन्ही घटलेली होती. लघवी दाट करून पाणी वाचविण्याचे आणि जादा मीठ बाहेर टाकण्याचे सामर्थ्यही अशा मुलांत कमी होते. म्हणूनच ती जुलाबाने लवकर सुकतात आणि मीठ जास्त झाले तर त्यांच्या अंगावर सूज चढते. योग्य आहार व उपचार मिळाल्यावर मूत्रपिंडाचे काम पुष्कळ अंशी पूर्ववत होते, ही यातील समाधानाची बाब आहे. गाळण्यांची संख्या वाढविता येत नाही, परंतु असलेल्या गाळण्या वाचविता येतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुलाब झालेल्या सामान्य मुलास जलसंजीवनी अवश्य द्यावी. परंतु सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ज्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी आहे, किंवा ज्याच्या दोन्ही पायांवर सूज आहे, त्याच्यावर घरच्या घरी प्रयोग करू नयेत. त्याला अंगणवाडी सेविका अथवा आशा ताईंमार्फत तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात व तेथून आवश्यकतेप्रमाणे बाल उपचार केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे. अशा मुलाचे पाणी, मीठ व आहार यांचे प्रमाण वेगळे असते. एकदम भरपूर खाऊ घालणेही त्यास धोक्याचे ठरते.

पुणे जिल्ह्यातील सहा गावांचा धडा

आईच्या आहाराचा मुलाच्या वजनावर काय परिणाम होतो, याचा एक मोलाचा अभ्यास आपल्याच राज्यात झाला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती स्त्रियांच्या आहाराची व त्यांच्या अर्भकांच्या वजनाची नोंद ठेवली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष प्रत्येक कृषि कार्यकर्त्याने वाचण्यासारखे आहेत. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची मुले जन्मतः अधिक भरलेली होती. पालेभाजीचा हा संबंध सर्वांत कृश मातांमध्ये अधिक ठळक दिसला. याउलट, एकूण अन्न व प्रथिने किती घेतली याचा वजनाशी तसा संबंध त्या अभ्यासात आढळला नाही. म्हणजे नुसते पोट भरणे पुरेसे नव्हे. ताटात काय आहे यालाही महत्त्व आहे. त्याच गावांतील आणखी एका पाहणीत, गर्भारपणी शेतातील व घरातील जड कामे अधिक करणाऱ्या मातांची मुले वजनाने हलकी आढळली.

हिरव्या पाल्यात फोलेट असते आणि जीवनसत्त्व ‘अ’ शरीरात ज्यापासून तयार होते ते द्रव्यही असते. उंदरांवरील प्रयोगांत मादीला गर्भारपणी जीवनसत्त्व ‘अ’ अथवा प्रथिने कमी दिली असता, पिलांच्या मूत्रपिंडांतील गाळण्यांची संख्या घटली. तेव्हा परसातील माठ, तांदुळजा वा शेवग्याचा पाला ही गरिबाची नाइलाजाची भाजी नव्हे. मूत्रपिंडाच्या घडणीस लागणाऱ्या सामग्रीत तिचीही गणना करावी लागेल.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत झालेल्या एका चाचणीचा बोधही नमूद करण्याजोगा आहे. तेथे स्त्रियांना पालेभाजी, फळे व दूध यांपासून केलेला खाऊ रोज देण्यात आला. सर्व मातांचा एकत्र विचार करता मुलांच्या वजनात फरक दिसला नाही. परंतु गर्भ राहण्यापूर्वी किमान तीन महिने ज्यांना तो मिळाला, त्यांच्या मुलांचे वजन सुमारे ५० ग्रॅमने अधिक भरले. अत्यंत कृश मातांना मात्र हा लाभही दिसला नाही. लहानपणापासून उपाशी वाढलेल्या मुलीची उणीव चार-सहा महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही, असाच याचा अर्थ मी घेतो. नांगरट न झालेल्या रानात नुसते खत टाकून पीक येत नाही.

धान्याच्या राशीजवळचे कुपोषण

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात पाच वर्षांखालील दर १०० मुलांत सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी होती आणि सुमारे २६ मुले उंचीच्या मानाने कृश होती. कृश मुलांचे देशातील प्रमाण त्या वेळी सुमारे १९ होते. ऊस, कापूस, सोयाबीन, कांदा व द्राक्षे पिकविणाऱ्या, दूध संकलनात पुढे असलेल्या राज्याची ही स्थिती आहे. तिचा विचार कृषि कार्यकर्त्याने करावयाचा नाही, तर कोणी करावयाचा?

सोयाबीनचेच उदाहरण घेऊ. या दाण्यात शेकडा ४० च्या आसपास प्रथिने असतात. मराठवाडा व विदर्भातील लाखो शेतकरी ते पिकवितात. परंतु खळ्यावरून ते थेट बाजार समितीत जाते आणि घरातील गर्भवतीच्या पानात त्याचा दाणाही पडत नाही. दुधाचे तसेच. पहाटे धार काढून किटली संकलन केंद्रावर जाते व घरात चहापुरते दूध उरते. तुरीचे पोते विकून मग दुकानातून पाव किलो डाळ आणली जाते. त्या डाळीचे वरणही आधी पुरुषांच्या, मग मुलांच्या पानात पडते. जिच्या पोटात मूल वाढत असते तिच्या वाट्यास भाकरी, ठेचा आणि भांड्याच्या तळाचे पाणी येते. गरिबी हे याचे एक कारण आहे, हे निर्विवाद. परंतु सुस्थितीतील घरांतही जेव्हा हेच घडते, तेव्हा दोष केवळ गरिबीस देता येत नाही.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट याहून बिकट आहे. तेथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि दिवस गेलेली बाईही मोळ्या वाहते. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा व एल साल्वादोर या देशांत उसाच्या फडात राबणाऱ्या तरुण मजुरांमध्ये मूत्रपिंडाचा जीर्ण विकार मोठ्या प्रमाणात आढळला असून, उन्हातील अतिश्रम व शरीरातील पाण्याची तूट ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. कमी गाळण्या घेऊन जन्मलेले मूल मोठेपणी अशाच कामास लागले, तर त्याच्या मूत्रपिंडावर दुहेरी ओझे पडते. मूत्रपिंड निकामी झाले म्हणजे आठवड्यातून बहुधा तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिस करावे लागते. ते शासकीय योजनेतून विनामूल्य मिळाले तरी तालुक्यास वा जिल्ह्यास जाण्यात दिवस मोडतो. ज्या घरात दोन हात आहेत त्या घरातील एक हात असा अडकला, म्हणजे शेती बसते.

घेतले जाणारे आक्षेप

“हे काम आरोग्य खात्याचे आहे,” असे काही सहकारी म्हणतात. गोळ्या, लस व उपचार हे त्या खात्याचे काम आहे, यात शंका नाही. परंतु तुरीचे किती तास टाकावेत आणि किती तूर घरी ठेवावी, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की, शेतकऱ्याच्या हाती पैसा आला म्हणजे पौष्टिक अन्न तो बाजारातून आणील. काही घरांत असे घडते. परंतु गावच्या दुकानात पालक व अंडी असोत वा नसोत, पाच-दहा रुपयांचे खारट व गोड पुडे हमखास टांगलेले असतात. ज्याच्या गाळण्या आधीच कमी आहेत त्या मुलास मीठ व साखर यांची ही सवय अधिकच घातक आहे.

“आमचे आजे-पणजे भाकरी-चटणीवर शंभर वर्षे जगले,” हा तिसरा युक्तिवाद. जे जगले ते आपल्या स्मरणात राहिले; जी मुले पाळण्यातच गेली त्यांची गणती कोणी केली?

काय करावे

(१) तुरीचा वाटा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे गर्भवती स्त्रीला मधल्या तीन महिन्यांत रोज साडेनऊ ग्रॅम व शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅम प्रथिने नेहमीपेक्षा जादा लागतात. हा सर्व हिशेब डाळीत केला, तर सहा महिन्यांस सुमारे १३ किलो डाळ होते. शंभर किलो तुरीची सत्तर किलो डाळ धरल्यास, वीस किलो तूर बाजूस काढली की एका गर्भवतीची ही वाढीव गरज भागते. मात्र सोबत पोटभर भाकरी हवी. अन्यथा प्रथिने जळणासारखी खर्च होतात.

(२) पालेभाजी. सांडपाण्यावर अथवा हातपंपाशेजारी एक गुंठाभर परसबाग करावी. माठ, तांदुळजा, मेथी, पालक, अंबाडी, चवळी व घेवडा आलटून पालटून लावावेत. बांधावर शेवग्याची दोन झाडे असावीत. या जागेवर विषारी औषधे फवारू नयेत.

(३) दूध, अंडी व सोयाबीन. गर्भवतीसाठी रोज पाव लिटर दूध संकलनापूर्वी बाजूस काढावे. चार कोंबड्या पाळाव्यात. सोयाबीन कच्चे दळू नये. उकळत्या पाण्यात पंचवीस मिनिटे उकडून, कडक वाळवून, नऊ भाग गव्हास एक भाग या प्रमाणात दळावे.

(४) विश्रांती. शेवटच्या तीन महिन्यांत डोक्यावरून पाणी व मोळ्या वाहणे आणि भर उन्हातील खुरपणी बंद ठेवावी. पेरणीचे नियोजन करतानाच या कामास दुसरा हात कोठून आणावयाचा, हे ठरवावे.

(५) मुलगी. मुलीस मुलाइतकेच खाऊ घालावे आणि अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी तिचा विवाह करू नये. वर उल्लेखिलेल्या २०१९-२१ च्या पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचा विवाह अठराच्या आत झाल्याचे दिसले. जिचे स्वतःचेच शरीर वाढावयाचे आहे, तिच्या पोटी भरलेले मूल कसे यावे?

(६) बाळ. सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. त्यानंतर दुधाबरोबर मऊ वरण-भात, भाजी व अंडे द्यावे. कमी वजनाच्या मुलास गोडधोड चारून एकाएकी लठ्ठ करू नये. लठ्ठपणाही थोड्या गाळण्यांवर भार टाकतो. असे मूल मोठे झाल्यावर वर्षातून एकदा त्याचा रक्तदाब व लघवी तपासून घ्यावी, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून वेदनाशामक गोळ्या वरचेवर घेऊ नयेत.

कार्यकर्त्यांस विनंती

आपल्या दैनंदिनीत हेक्टर, क्विंटल व किलो यांचे रकाने असतात. त्यांत आणखी तीन प्रश्नांची भर घालावी, अशी माझी सूचना आहे. या घरात कोणी गर्भवती आहे काय? घरासाठी डाळ व दूध किती ठेवले आहे? परसात हिरवा पाला आहे काय? हे विचारण्यास पाच मिनिटे पुरतात. पीक प्रात्यक्षिक ज्या शेतकऱ्याच्या रानात घ्यावयाचे, त्याच्याच परसात भाजीचे प्रात्यक्षिकही घ्यावे. शेतीदिनास केवळ पुरुषांची सभा न भरविता स्त्रियांनाही बोलवावे आणि अंगणवाडी सेविकेस बोलण्यास वेळ द्यावा.

शेतकरी बंधूंनाही एवढेच सांगावयाचे आहे की, पीक एका हंगामात बुडाले तर पुढच्या हंगामात उभे करता येते. मुलाच्या मूत्रपिंडाचा हंगाम एकदाच येतो आणि तो आईच्या पोटात निघून जातो. यंदा तुरीची रास झाली म्हणजे, बाजाराची पोती भरण्यापूर्वी वीस किलो तूर घरात ठेवा आणि ती कोणासाठी ठेवली आहे, हे घरात सर्वांदेखत सांगा.